बंदराचं दार

तिनं कंट्रोलर टेबलावर असा आपटला की शेजारचा पेनांचा डबा आडवा झाला.

पडद्यावरचं दार आता सताड उघडं होतं. पण उघडता उघडता, एक घोट पाणी गिळायला लागतो तेवढा वेळ, ते जागच्या जागी थिजलं होतं, आणि हे थिजणं ती रोज सकाळी पाहत होती. दारापलीकडे बंदर होतं. धुकं, ओले दगड, वाऱ्यावर डोलणारे कंदील, तीनशे माणसांची गर्दी. अख्ख्या गेममधली सगळ्यात देखणी जागा. खेळणारा पहिल्या दहा मिनिटांत तिथे पोचणार आणि नेमका तिथेच गेमचा पाय मुरगळणार.

"पाहिलंस?" ती म्हणाली.

"पाहिलं, मॅडम," तिचा धाकटा भाऊ म्हणाला. "तुमचं मशीनच तसलं आहे."

"मशीन? अरे, मागच्या महिन्यात यातलं ग्राफिक्स कार्ड बदललं. त्याआधी मेमरी बदलली. आता काय टेबल बदलू?"

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. ती वळून बघेपर्यंत सगळी डोकी आपापल्या पडद्यात खुपसलेली होती. मागे तिला काय म्हणतात ते तिला ठाऊक होतं. 'नाट'. कुठल्याही कामाला नाट लावणारी म्हणून. म्हणेनात का! नऊ वर्षांत तिच्या सहीशिवाय इथून एकही गेम बाहेर गेला नव्हता आणि सही केलेला एकही गेम तोंडावर आपटला नव्हता.

धाकट्यानं पेनं गोळा करून डब्यात ठेवली, डबा सरळ केला आणि आपल्या जागेवर निघून गेला. ऑफिसात तो तिला मॅडमच म्हणायचा. पाच वर्षांपूर्वी तिनंच त्याला इथे आणलं तेव्हा पहिल्या दिवशी जिना चढतानाच त्यानं सांगून टाकलं होतं, "ताई, वर गेल्यावर मी तुला मॅडम म्हणणार. नाहीतर लोक म्हणतील वशिल्याचं तट्टू आलंय." तिला तेव्हा हसू आलं होतं. त्यानं शब्द पाळला. आणि पुढे तो कामात इतका चढला की सगळे त्याला छोटेसाहेब म्हणायला लागले आणि नव्यानं आलेली माणसं तिलाच छोटेसाहेबांची बहीण म्हणून ओळखायला लागली.

चढला होता तो स्वतःच्या अकलेवर, यात शंका नाही. पूर्वी गेम आणि ग्राफिक्स कार्ड यांच्यामध्ये एक मध्यस्थ बसलेला असायचा, कार्डाबरोबर येणारं सॉफ्टवेअर. गेमनं नुसतं 'इथे कंदील काढ' म्हणायचं. मेमरी कुठून आणायची, कुठलं काम आधी, कुठलं नंतर, काय तयार ठेवायचं, हे सगळं तो मध्यस्थ बघायचा. कामाला संथ, शंभरदा विचारणारा, पण सांभाळून घेणारा. धाकट्यानं चौदा महिने खपून त्याला बाजूला केलं आणि गेमला थेट कार्डाशी बोलायला लावलं. जिथे सेकंदाला चाळीस चित्रं निघत होती तिथे सत्तर निघायला लागली, तीसुद्धा साध्यासुध्या मशीनवर. साहेबांनी सगळ्यांदेखत त्याची पाठ थोपटली. तिनं घरी जाऊन आईला तीन तीनदा तेच सांगितलं. खोटं कशाला बोला, तेव्हा तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

आणि मग सोळा तारखेला तिला बंदराचं दार अडखळताना दिसलं. त्याला आता सहा आठवडे झाले होते. फक्त तिच्याच मशीनवर दिसत होतं ते.

साहेबांनी दुपारी तिला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर गेमच्या रवानगीचा कागद होता. त्यावर सह्यांचे चार रकाने, तीन भरलेले. चौथा तिचा.

"बसा," साहेब म्हणाले. "आपल्याकडे मशीन किती?"

"एकवीस."

"वीस म्हणतात गेम लोण्यासारखा चाललाय. एक म्हणतं नाही. आता तुम्हीच सांगा, मी काय समजायचं?"

"वीस मशीनांचं काहीतरी चुकतंय असं समजा."

साहेब हसले. कुणी वेडगळ बोललं की माणूस समजूतदारपणे हसतो, तसं.

"बाई, सहा आठवडे तुमचं एकच रडगाणं. तुमच्या शब्दाला मान आहे, म्हणून ऐकून घेतलं. पण आता जुनी पद्धत परत आणायची म्हणजे छोट्याच्या चौदा महिन्यांवर पाणी. सख्ख्या भावाच्या कामावर! शुक्रवारी अकरा वाजता मोठ्या खोलीत सगळ्यांसमोर खेळून बघू. चालला तर तुम्ही सही करायची. आणि खरं सांगू? पुढच्या गेमपासून हा रकाना दुसऱ्या कुणाला देऊ. तुम्हालाही जरा विश्रांती."

"आणि नाही चालला तर?"

"चालतोय हो," साहेब म्हणाले आणि फोन उचलून कानाला लावला.

विश्रांती! ती बाहेर आली ती पाय आपटतच. माणसाला घालवायचं असलं की किती गोड शब्द सापडतात या लोकांना. तिला नोकरीवरून काढत नव्हते. तिचं म्हणणं काढून घेत होते, एवढंच. उद्यापासून तिनं दार अडखळतंय म्हटलं काय आणि छप्पर गळतंय म्हटलं काय, कुणी वळूनही बघणार नव्हतं.

जेवताना धाकट्यानं स्वतःहूनच विषय काढला. घरी तो वेगळाच असायचा. ताटात वाकून, कोपर टेबलावर टेकवून, शाळेत होता तसाच.

"ताई, कर ना सही."

"दार अडखळतंय."

"अगं, समजा, समजा हं, एखाद्याला पहिल्यांदा एकदाच अडखळलं. तासाभरात तो विसरून जातो. तेवढ्यानं काय आभाळ कोसळतं?"

"पहिल्यांदा?" तिचा घास हातातच राहिला. "पहिल्यांदा असं का म्हणालास?"

"उदाहरण दिलं."

"तासाभरात विसरत नाही कुणी. तासाभरात गेम परत करतात आणि वर चार शिव्या लिहितात. तुला ठाऊक आहे ते."

"तुला ना, कशातच चांगलं दिसत नाही!" त्यानं ताट मागे सारलं. "चौदा महिने मी झोप काढली नाही. तू मात्र सकाळी उठून त्या मशीनला आंघोळ घालतेस आणि मग म्हणतेस, अडखळलं!"

"तुम्ही दोघं ते ऑफिस दाराबाहेर ठेवून येत जा बघू," आई म्हणाली. "जेवणात खडा लागल्यासारखं होतं. आणि तू गं, मोठी आहेस. धाकट्याचं एवढं मन मोडू नये."

मोठी आहेस! चाळिशी आली तरी तिची ही मोठेपणाची शिक्षा संपत नव्हती. भांडी इतक्या जोरात घासली की आई दोनदा उठून बघून गेली.

मशीनला आंघोळ म्हणाला तो. ती त्याला तोंड धुणं म्हणायची. रोज सकाळी आल्या आल्या ती आपल्या मशीनचं तोंड धुवायची: गेमनं आदल्या दिवशी मशीनवर जे जे काही मागे ठेवलं असेल ते सगळं पुसायचं, मग गेम नव्यानं चढवायचा. पुसायला आठ सेकंद लागत, चढवायला वीस मिनिटं. तिला काम शिकवणाऱ्या पहिल्या बाईंनी ही सवय लावली होती. पुसण्याचा छोटासा प्रोग्रॅमही त्यांचाच. तो तिच्या किल्ल्यांच्या जुडग्याला लटकवलेल्या पेन ड्राइव्हमध्ये असायचा. "आपण शंभराव्यांदा खेळतो," बाई म्हणायच्या, "आणि गिऱ्हाईक पहिल्यांदा." बाई कधीच निवृत्त झाल्या. बाकीचे दोघे टेस्टर या भानगडीत पडत नसत. वीस मिनिटांत त्यांचा चहा होई.

शुक्रवारी सकाळी ती साडेआठला पोचली तेव्हा तिच्या टेबलाशी सिस्टिमवाला कमरेवर हात ठेवून उभा होता. ऑफिसातली सगळी मशीन तोच सांभाळायचा आणि सगळ्या जगावर करवादायचा.

"बरं झालं सापडलात," तो म्हणाला. "मॅडम, तुम्ही माझं डोकं का खाता?"

"मी काय केलं?"

"रोज रात्री मी सगळ्या मशीनवर तो फोल्डर टाकतो. वीस मशीनवर राहतो. तुमच्यावरून रोज सकाळी नऊला गायब! रोज मला लाल रंगात निरोप येतो, एक मशीन अपूर्ण. सहा आठवडे झाले, वैताग आलाय मला."

ती पिशवी खांद्यावरून काढत होती. तो हात तसाच राहिला.

"कसला फोल्डर?"

"तुमच्याच भावाचा. त्यांच्या मशीनवर तयार झालेला. मला त्यातलं फार कळत नाही. ते म्हणाले, गेममध्ये नवी वस्तू पहिल्यांदा समोर आली की ती कशी काढायची याची तयारी कार्डासाठी त्याच क्षणी करावी लागते, आणि तेवढ्यात गेम थांबतो. एकदा तयारी झाली की ती या फोल्डरमध्ये राहते, मग नाही थांबत. पूर्वी म्हणे त्यातलं बरंचसं ते मधलं सॉफ्टवेअर गुपचूप उरकायचं. आता आपलं आपण. तर त्यांचं तयार आहेच, तेच सगळ्यांना वाटा, म्हणजे प्रत्येकाचा वेळ वाचेल. आपली कार्डं सगळी एकाच खरेदीतली, तुमचं बदललेलंही त्यातलंच, त्यामुळे चालतं. मोठ्या खोलीतल्या मशीनवर पण टाकलाय, आज तुमचं ते आहे ना."

ती खुर्चीवर बसली. पाहुणे जेवायला बसल्यावर चूल पेटवायची, तसं होतं म्हणजे ते. दार उघडलं की बंदर, आणि बंदर समोर आल्यावर मग कंदील कसा काढायचा, धुकं कसं काढायचं, याची धावाधाव. आणि ऑफिसातल्या वीस मशीनांवर कुणीतरी रात्रीच येऊन सगळा स्वयंपाक करून जात होतं. म्हणून ती वीस सुखी होती. जगात ज्यांच्या घरी हा गेम जाणार होता, त्यांच्याकडे रात्री कुणी जाणार नव्हतं.

"हे कधीपासून?" तिनं विचारलं.

"सांगितलं ना, सहा आठवडे."

"तारीख बघून सांग."

त्यानं कुरकुरत मोबाइल काढला, अंगठ्यानं वर वर सरकवत गेला. "सतरा," तो म्हणाला. "सतरा तारखेला दुपारी त्यांचा मेल आलाय. म्हणे आजपासूनच सुरू करा."

सोळा तारखेला संध्याकाळी तिनं घरी बसून दाराची तक्रार लिहिली होती. धाकटा शेजारी येऊन बसला होता, तिच्या खांद्यावरून वाचत. तिला आत्ता आठवलं, वाचता वाचता तो एकदम गप्प झाला होता. मग तिच्या डोक्यावर टपली मारून म्हणाला होता, "बघतो मी, ताई."

बघितलंच म्हणायचं त्यानं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याला सगळं सापडलं होतं. काय बिघडलंय आणि कशामुळे, सगळं. ते दुरुस्त करायचं म्हणजे गेममधल्या प्रत्येक वस्तूची यादी करून सगळी तयारी आधीच उरकून ठेवायची. दोन-तीन महिन्यांचं कंटाळवाणं काम, ज्यासाठी कुणी पाठ थोपटत नाही. त्याऐवजी त्यानं एकच मेल लिहिला. आणि मग सहा आठवडे तिचं कार्ड बदललं जात असताना, मेमरी बदलली जात असताना, मागच्या रांगेतले लोक फिसफिसत असताना, तो शेजारी उभा राहून म्हणत होता, तुमचं मशीनच तसलं आहे, मॅडम.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. परक्यानं केलं असतं तर ती इथल्या इथे उठली असती आणि चारचौघांत त्याची लक्तरं काढली असती. पण केसानं गळा कापला तो घरातल्याच माणसानं. त्याला बोट धरून हा जिना तिनं चढवला होता.

"मॅडम, मग आजपासून पुसू नका एवढंच," सिस्टिमवाला म्हणाला.

"बरं," ती म्हणाली. तो गेल्यावर तिनं जुडग्यातला पेन ड्राइव्ह चाचपून पाहिला आणि नेहमीसारखं आपल्या मशीनचं तोंड धुतलं.

अकराला मोठी खोली भरली. साहेब पहिल्या रांगेत, मांडीवर रवानगीचा कागद. धाकटा मोठ्या पडद्यासमोरच्या खुर्चीत, इस्त्रीचा शर्ट घालून. हा शर्ट तिनंच आणला होता, त्याच्या वाढदिवसाला. मशीन सुरू झालं होतं. गेमचं नाव पडद्यावर चमकत होतं.

"चला," साहेब म्हणाले. "बाई, इकडे या पुढे. नीट बघता येईल."

ती पुढे आली. पण खुर्चीवर बसली नाही. मशीनपाशी जाऊन उभी राहिली.

"छोट्या," ती म्हणाली, "खेळण्याआधी तुला काही सांगायचंय का?"

खोलीतल्या दोन-तीन जणांनी एकमेकांकडे पाहिलं. ऑफिसात तीही त्याला या नावानं हाक मारत नसे.

"मी काय सांगणार?" तो हसला. "खेळूनच दाखवतो की."

"नक्की?"

"अहो बाई, आता पुरे," साहेब म्हणाले. "खेळू द्या त्याला."

तिनं जुडगा काढला, पेन ड्राइव्ह मशीनला लावला. गेम बंद केला. मोठ्या पडद्यावर साधी राखाडी चौकट आली, तिच्यात एकच बटण. एवढ्या मोठ्या आकारात ती चौकट कुणी कधी पाहिली नव्हती.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"रोज सकाळी करते तेच. गेमनं मागे ठेवलेलं सगळं पुसते. विकत घेणाऱ्याच्या मशीनवर यातलं काही नसतं, नाही का?"

"नसतं, बरोबर," साहेब म्हणाले. त्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही. "त्यानं काय फरक पडतो? पडत नाही ना रे छोट्या?"

धाकट्याचा कंट्रोलरवरचा अंगठा हलायचा थांबला होता. ती त्याच्याकडे बघत राहिली, एक, दोन, तीन श्वास. तिला वाटत होतं तो आता तरी बोलेल. एवढ्या रागातही तिला ते वाटत होतं. मग तिनं बटण दाबलं.

आठ सेकंद लागले. तिनं पेन ड्राइव्ह काढून जुडगा खिशात टाकला आणि गेम पुन्हा सुरू केला.

"आता खेळ," ती म्हणाली.

गेम झटकन उघडला. पहिली खोली लहानशी होती. एक खाट, एक खिडकी, एक दिवा. तेवढ्याची तयारी गेम उघडतानाच होत असे. धाकट्यानं आपला माणूस खाटेवरून उठवला. सगळं सुरळीत, पाण्यासारखं. मागे कुणीतरी "वा" म्हणालं. माणूस दिव्याजवळून गेला, त्याची सावली भिंतीवरून सुंदर सरकली. आणि मग तो दारापाशी येऊन उभा राहिला.

उभाच राहिला. खेळणाऱ्यानं काही केलं नाही तर गेममधला माणूस करतो तसा तो या पायावरून त्या पायावर भार देत राहिला. मान जराशी वळवून त्यानं खोलीकडे पाहिलं. पुन्हा दाराकडे वळला.

"अरे, उघड ना दार," साहेब म्हणाले.

धाकट्याच्या मानेवर घाम आला होता. शर्टाची कॉलर ओली झालेली तिला मागून दिसत होती. लहानपणी खोटं पकडलं गेलं की त्याचे कान असेच लाल व्हायचे, आणि मग तो तिच्याकडे बघायचा, कारण आईला काय सांगायचं ते नेहमी तीच ठरवायची.

तो वळला आणि त्यानं तिच्याकडे पाहिलं.

"ताई," तो म्हणाला.

इतक्या हळू म्हणाला की मागच्यांना ऐकूही गेलं नसेल. पाच वर्षांत या भिंतींच्या आत त्यानं ही हाक एकदाही मारली नव्हती.

तिनं साहेबांच्या मांडीवरचा कागद उचलला, चौथा रकाना वर येईल अशी घडी घातली आणि दाराशी जे दिसेल ते त्यात लिहायला पेनचं टोपण काढलं.

"दार उघड," ती म्हणाली.